गरीब बॅटमॅन, मजुराचा सुपरमॅन

कॉमिक वाचणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे दोनच प्रकारे पाहतात. तो लहान असेल तर कौतुकाने, आणि मोठा असेल तर काळजीने. मी एकोणीस वर्षांचा आहे, म्हणजे कौतुकाची मुदत संपून बराच काळ लोटला! वार्षिक अंकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा माझ्या वर्गमित्रांनी 'पाऊस', 'आई', 'वसतिगृहातील दिवस' असे विषय भराभर वाटून घेतले. मी ठरवलं, आपण परीक्षण लिहायचं. कादंबरीचं नव्हे, नाटकाचं नव्हे. अलीकडे निघालेल्या सुपरहीरो कॉमिक्सचं. "बी.ए.ला बसलास आणि चित्रांची पुस्तकं वाचतोस?" असं विचारणारे खूप भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे : आधी वाचा, मग बोलू.

आता या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. तर तोही सांगून टाकतो. माझ्या वडिलांचं नाशिकरोडला रद्दीचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचा एक गाळा, एक वजनकाटा, सुतळीची बंडलं आणि दाराशी उभी असलेली हातगाडी. अप्पा चौथीपर्यंत शिकले. आई शाळेत गेलीच नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण छापील कागद म्हणाल, तर तो आमच्याकडे कुठल्याही प्राध्यापकाच्या घरातल्यापेक्षा जास्त! फक्त तो किलोवर येतो आणि टनावर जातो, एवढाच फरक.

शाळेतून आलो की माझं काम असे निवडायचं. वर्तमानपत्रं एकीकडे, वह्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, गुळगुळीत मासिकं एकीकडे. या निवडण्यात मला कॉमिक्स सापडली. एखाद्या जुन्या बंगल्यातली माणसं घर रिकामं करू लागली की इंद्रजाल कॉमिक्सचे अंक यायचे. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण रद्दीत काळ सरळ चालत नाही. वेताळ, मँड्रेक, बहादूर हे सगळे मला एकाच आठवड्यात भेटले. मग राज कॉमिक्सचे नागराज आणि ध्रुव आले. मुंबईतल्या गुंडांना कुत्र्याचा मुखवटा घालून झोडपणारा डोगा आला. हिंदी वाचायला मी या तिघांकडून शिकलो. गोथम कॉमिक्स नावाच्या कंपनीने अमेरिकन अंक भारतात छापून स्वस्तात विकले होते, त्यांचाही एक गठ्ठा एकदा हाती लागला. त्यातलं इंग्रजी मला शाळेतल्या इंग्रजीपेक्षा आधी समजलं. कारण साधं आहे. कॉमिकमध्ये सगळी अक्षरं मोठ्या लिपीत असतात आणि शब्द अडला तर शेजारी चित्र उभं असतं. शाळेच्या पुस्तकात शब्द अडला तर शेजारी फक्त मास्तर उभे असत!

असो. मुद्द्यावर येतो.

इतकी वर्षं ही कॉमिक्स वाचताना एक प्रश्न मला सारखा पडे. तो म्हणजे, या नायकाचा बाप काय करत होता? आपण ध्यानात घेत नाही, पण सुपरहीरोंच्या गोष्टी या बऱ्याचदा वारशाच्या गोष्टी असतात. वेताळ घ्या. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक एकविसावा वेताळ आहे. बापाकडून मुलाकडे मुखवटा, अंगठी, कवटीची गुहा आणि गुहेतला खजिना अशी ही परंपरा चालत आली. बॅटमॅन घ्या. तो १९३९ च्या मे महिन्यात 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात आला, आणि त्याच वर्षी ३३ व्या अंकात त्याची पूर्वकथा सांगितली गेली. आईवडिलांचा डोळ्यांदेखत खून झाला, मुलाने सूड घ्यायची शपथ घेतली, आणि मग? मग वडिलांची मालमत्ता होतीच! वाडा, गाडी, प्रयोगशाळा, सगळं त्यातूनच उभं राहिलं. शपथ कुणीही घेऊ शकतो हो. शपथेनंतरचा खर्च कोण करणार?

लहानपणी हा प्रश्न मला गंमत म्हणून पडायचा. गेल्या वर्षभरात तो गंमतीचा राहिला नाही. अप्पांचे गुडघे गेले. गाडी ढकलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. थोरले काका घरी आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "आता पोराला गाडीवर घे. बी.ए. करून कुठे दिवे लावणार आहे?" अप्पा काही बोलले नाहीत. चहा संपल्यावर एवढंच म्हणाले, "त्याचं होऊ द्या." तेव्हापासून सकाळी सहा ते दहा मी गाडीवर असतो आणि अकराला तासाला बसतो. तासाला झोप येते ही गोष्ट वेगळी. पण वारसा म्हणजे काय, आणि ज्याच्या वाट्याला वाडा नाही, गुहा नाही, फक्त एक हातगाडी आहे त्याने नायक व्हायचं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकातला राहिलेला नाही.

आणि नेमक्या याच वेळी ही नवी कॉमिक्स माझ्या हाती आली.

डीसी या अमेरिकन प्रकाशन संस्थेने २०२४ च्या ऑक्टोबरपासून 'ॲब्सोल्यूट' नावाची नवी मालिका सुरू केली. कल्पना अशी, की नायक तेच, पण त्यांच्या हातातलं आयतं सगळं काढून घ्यायचं. बॅटमॅनची संपत्ती काढून घ्या, सुपरमॅनचं सुखाचं बालपण काढून घ्या, वंडर वुमनला तिच्या बेटाऐवजी थेट नरकात वाढवा. मग पाहा, त्यांच्यात उरतं काय. यातल्या बॅटमॅन आणि सुपरमॅनच्या पहिल्या अंकांचे संग्रह २०२५ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. दुकानात बसल्याचे जे पैसे अप्पा माझ्या हातावर ठेवतात त्यांतून साठवून मी ते दोन्ही मागवले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोरं कॉमिक विकत घेतलं! त्याला कुणाच्या माळ्याचा वास नव्हता, त्याच्या मुखपृष्ठावर कुणाच्या मुलीचं नाव लिहिलेलं नव्हतं. थोडं चुकल्यासारखंच वाटलं.

आधी बॅटमॅन. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. या गोष्टीतला ब्रूस वेन शाळामास्तरांचा मुलगा आहे. वडील मुलांची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले असताना तिथे एक माणूस गोळीबार करतो आणि मुलांना वाचवताना मास्तर मरतात. आई मात्र जिवंत आहे. हा बदल वरवर लहान दिसतो, पण पुढचं सगळं त्यानेच बदलतं. जुना बॅटमॅन घरी आला की वाड्यात एकटा आणि सोबत नोकर. नव्या बॅटमॅनला आई आहे. ती नगरपालिकेच्या कारभारात काम करते आणि मुलाच्या अंगावरच्या जखमांबद्दल विचारते. आई जिवंत असली की माणसाला बेफाम होता येत नाही, हे ज्याला आई आहे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ब्रूस शिकून स्थापत्य अभियंता झाला आहे आणि शहरासाठी काम करतो. त्याची ताकद इथेच आहे. पूल कशावर उभा आहे, गटार कुठून कुठे जातं, कुठल्या इमारतीची कुठली भिंत पोकळ आहे, हे सगळं त्याला पाठ. जुना बॅटमॅन शहराकडे गच्चीवरून पाहायचा. हा त्याच्याकडे जमिनीखालून पाहतो. मला हे फार आवडलं. कारण शहर खालूनच कळतं. नाशिकरोडच्या कुठल्या गल्लीत चढ आहे, कुठल्या सोसायटीचा रखवालदार गाडी आत सोडतो, कुठल्या घरात माणूस गेल्यावर पुस्तकं पहिल्यांदा बाहेर पडतात, हे नकाशात नसतं. ते अप्पांच्या गुडघ्यांत असतं.

त्याचे बालपणीचे सोबती म्हणजे जुन्या गोष्टींतले त्याचे शत्रू. पुढे पेंग्विन, टू-फेस, रिडलर, किलर क्रॉक म्हणून जे ओळखले जातात ती सगळी इथे एका आळीत वाढलेली पोरं आहेत, आणि एकमेकांना धरून आहेत. आणि श्रीमंत कोण, तर जोकर! ही उलटापालट मला लेखकाची सर्वांत धाडसी गोष्ट वाटली. ड्रॅगोटा पानावर लहान लहान चौकटींची दाटी करतो आणि मग अचानक एक अख्खं पान उघडतो. वाचताना अरुंद बोळातून एकदम मैदानात आल्यासारखं होतं.

आता उणिवा. हा बॅटमॅन इतका आडदांड काढला आहे, की दारातून आत कसा येतो याचीच काळजी वाटते. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह काढून तो त्याची कुऱ्हाड करतो. रक्त पाटासारखं वाहतं. एका मर्यादेनंतर ही हाणामारी काहीच सांगत नाही, नुसती पानं खाते. आणि मुख्य आक्षेप पैशाचाच. त्याची गाडी म्हणजे खाणीत चालतो तसला एक अवाढव्य डंपर. आता एवढ्या डंपरचं डिझेल गरीब माणूस कुठून आणतो?

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही. मी पुस्तक वाचत बसलो असताना अप्पांनी ते हातात घेतलं. आधी सवयीने एक पान चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "कागद भारी आहे. पण रद्दीत गुळगुळीतला भाव नाही रे." मग डंपरच्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा कुठल्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे?"

मी म्हणालो, "अप्पा, याचा नाही कुणी कॉन्ट्रॅक्टर. हा गरीब आहे. शहराच्या कामावर इंजिनिअर आहे."

"इंजिनिअर आहे ना? आणि बाप मास्तर होता?"

"हो."

"मग गरीब कसा?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि अजूनही देता येत नाही. अमेरिकेतला गरीब बॅटमॅन आमच्या गल्लीत राहायला आला असता तर लोकांनी त्याला साहेब म्हटलं असतं. वडील मास्तर, आई नगरपालिकेत, मुलगा इंजिनिअर. असं घर आमच्या वस्तीत एकही नाही. लेखकाने बॅटमॅनकडून वाडा काढून घेतला, पण शिक्षण काढून घेतलं नाही. शिकलेला बाप हासुद्धा एक वारसाच असतो, हे त्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. ज्याच्या घरात कुणी फॉर्म भरून देणारं नाही, कुठला विषय घ्यावा हे सांगणारं नाही, त्यालाच तो वारसा दिसतो.

सुपरमॅनचं पुस्तक मात्र माझ्या जास्त आत गेलं. लेखक जेसन आरन, चित्रकार राफा सँडोव्हाल. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीत क्रिप्टॉन ग्रहाचा नाश होताना एका थोर शास्त्रज्ञाने आपलं तान्हं बाळ यानात घालून पृथ्वीवर पाठवलं. बाळाला मागचं काहीच आठवत नाही. नव्या गोष्टीत क्रिप्टॉनवर कडक वर्गव्यवस्था आहे, आणि सुपरमॅनचे आईबाप हे त्यातल्या कष्टकरी वर्गातले आहेत. छातीवरचं ते जगप्रसिद्ध चिन्ह म्हणजे या घराण्याचं मानचिन्ह नव्हे, तर मजुरांच्या वर्गाची खूण! ज्या खुणेने माणसाला खाली दाबून ठेवलं होतं, तीच तो छातीवर मिरवतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि काही वेळ नुसता बसून राहिलो.

आणि तो तान्हा असताना पृथ्वीवर आलेला नाही. जाणता झाल्यावर आला आहे. त्याला आपला ग्रह आठवतो, आई आठवते, बाप आठवतो. पोटाखालची जमीन मरते आहे हे तिथे राबणाऱ्यांना आधी कळलं होतं आणि वर बसलेल्यांना ते ऐकून घ्यायचं नव्हतं, हेही आठवतं. अप्पा येवला तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून आले. विहीर आटली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. गावाविषयी ते कमी बोलतात, पण पावसाळ्यात पहिला ढग आला की हातातलं काम सोडून दुकानाबाहेर येऊन उभे राहतात. जुना सुपरमॅन मला कधी आपला वाटला नाही, कारण तो काहीच मागे ठेवून आलेला नव्हता. हा वाटला.

पृथ्वीवर हा सुपरमॅन कुणासाठी लढतो? लाझरस नावाची एक बलाढ्य कंपनी जगभर खाणी खणते आहे, आणि तिच्या खाणींत मरणाऱ्या मजुरांच्या बाजूने तो उभा राहतो. काही वाचकांना हे नवं फॅड वाटेल. सुपरमॅनला कशाला हवं हे राजकारण, असं ते म्हणतील. त्यांना मी १९३८ सालाकडे घेऊन जाऊ इच्छितो.

सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, जून १९३८ मध्ये. किंमत दहा सेंट. दोनच महिन्यांनी, तिसऱ्या अंकात, खाण कोसळून एक मजूर जायबंदी होतो आणि मालक हात वर करतो. सुपरमॅन काय करतो? तो मालकाला उचलून आपटत नाही. तो मजुराचा वेश करून मालकाच्या मेजवानीत शिरतो. तिथली नटलेली मंडळी गंमत म्हणून खाणीत उतरतात, तेव्हा तो आत येण्याची वाट बंद करून टाकतो. धोक्याची घंटा वाजत नाही. साहेबलोकांना फावडं चालवता येत नाही. अखेर मालक कबूल करतो, की माझी खाण मी सुरक्षित करीन. या अख्ख्या गोष्टीत राक्षस नाही, परग्रहावरचं संकट नाही. आहे ती एक खाण आणि एक मालक. तेव्हा आरन यांनी सुपरमॅनला मजुरांत नेलं असं म्हणणं बरोबर नाही. त्यांनी त्याला घरी परत आणलं.

हे असं का होतं हे सुपरमॅनचे जनक पाहिले की कळतं. जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलँडमधल्या एका शाळेतले दोन मित्र. दोघांचीही घराणी युरोपातून पोटासाठी आलेली, ज्यू. शुस्टरचे वडील शिंपी. सीगलच्या वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं, आणि १९३२ मध्ये त्या दुकानात चोर शिरले असताना त्यांना मृत्यू आला. गोळी ज्याचं काही करू शकत नाही असा माणूस त्यांच्या मुलाने का कल्पिला असेल, हे मी वेगळं सांगायला नको. जुन्या कपड्यांचं दुकान आणि जुन्या कागदांचं दुकान यांच्यात फारसं अंतर नाही.

पुढे काय झालं? या दोघांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलर्सना विकले. सुपरमॅनने प्रकाशकाला कोट्यवधी मिळवून दिले आणि त्याचे जनक उतारवयात पैशापैशाला महाग झाले. पुष्कळ बोभाटा झाल्यावर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर्सचं निवृत्तिवेतन आणि अंकावर नाव मिळालं. बॅटमॅनच्या बाबतीत तर आणखी वाईट. त्याचा पोशाख, त्याचं शहर, त्याची पूर्वकथा यांत ज्याचा मोठा वाटा होता तो बिल फिंगर १९७४ मध्ये वारला, आणि त्याचं नाव बॉब केनच्या जोडीला निर्माता म्हणून रीतसर छापलं जाऊ लागलं ते २०१५ मध्ये! अन्यायाशी लढणारे नायक ज्यांनी घडवले त्यांच्या मदतीला एकही नायक आला नाही. तेव्हा कष्ट करणाऱ्याचं नाव आणि दाम या विषयावर सुपरहीरो कॉमिक्सनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

उणिवा याही पुस्तकात आहेत. गोष्ट पृथ्वी आणि क्रिप्टॉन यांच्यात इतक्या वेळा मागेपुढे उडी मारते, की मला बाजूला कागद घेऊन क्रम लिहावा लागला. जुन्या गोष्टीत सुपरमॅनला सांभाळणारे शेतकरी जोडपं, केंट, हा त्या कथेचा आत्मा होता. पहिल्या संग्रहात त्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. धारदार जिभेची पत्रकार लोइस लेन इथे कंपनीच्या फौजेत दाखल झालेली आहे. ती बदलणार हे दिसतं, पण तोवर मला जुनी लोइस आठवत राहिली. तरीही क्रिप्टॉनवरची पानं, तिथली ती तांबडी धूळ, ज्या धुळीचाच पुढे त्याच्या खांद्यावरचा शेला होतो, ही चित्रं मी पुन्हा पुन्हा पाहिली. आपल्या मातीची धूळ अंगावर घेऊन उडणारा माणूस! याहून चांगली कल्पना मला तरी या वर्षात कुठे वाचायला मिळाली नाही.

तिसरं पुस्तक मित्राकडून आणलं. मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये सुरू केलेला 'अल्टिमेट स्पायडरमॅन'. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेटो. स्पायडरमॅन हा १९६२ पासून आमच्यातलाच होता. खोलीचं भाडं, काकूचं आजारपण, परीक्षा आणि मारामारी, सगळं एकाच पोराच्या डोक्यावर. नव्या गोष्टीत मात्र त्या वयात त्याला कोळी चावलेलाच नाही. पीटर पार्कर आता संसारी गृहस्थ आहे, बायको आहे, दोन मुलं आहेत, नोकरी आहे. आणि मग एक दिवस त्याला विचारलं जातं : तुझ्या वाट्याची शक्ती कुणीतरी हिरावून घेतली होती, ती आता हवी का?

मला वाटतं, अशा वयात 'हो' म्हणणं हे पंधराव्या वर्षीच्या कुठल्याही धाडसापेक्षा मोठं आहे. पंधराव्या वर्षी हरवण्यासारखं काय असतं? या पुस्तकात मारामारी कमी आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा जास्त आहेत. काही वाचकांना ते कंटाळवाणं होईल. मला झालं नाही. बेन काका इथे जिवंत आहेत, आणि जुन्या वर्तमानपत्राच्या मालकाशी न पटल्यामुळे ते आणि जेमसन मिळून स्वतःचं नवं वर्तमानपत्र काढतात. दोन म्हातारी माणसं शून्यातून छापखाना उभा करायला निघतात, हा भाग मला कोळ्याच्या जाळ्यांपेक्षा थरारक वाटला. अर्थात मी वर्तमानपत्रांवर जगणाऱ्या घरातला आहे, तेव्हा माझं मत थोडं पक्षपाती समजावं!

तर माझा निर्णय असा. तिन्हींत पहिला नंबर सुपरमॅनचा, दुसरा स्पायडरमॅनचा, आणि तिसरा बॅटमॅनचा. बॅटमॅन वाईट नाही. चित्रांत तर तो सर्वांत पुढे आहे. पण गरिबी म्हणजे फक्त पैसा नसणं असं समजणारा लेखक गोष्टीच्या निम्म्या वाटेवर थांबतो. रात्रभर जागून शहर वाचवणारा हा माणूस सकाळी कामावर कसा जातो, तासाला त्याला झोप येत नाही का, आई औषधाला पैसे मागते तेव्हा तो काय करतो, हे मला वाचायचं होतं. कुऱ्हाडीच्या वीस पानांऐवजी याची दोन पानं मिळाली असती तरी चाललं असतं.

जाता जाता एक बातमी सांगतो. २०२५ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या १९३९ सालच्या पहिल्या स्वतंत्र अंकाची एक प्रत अमेरिकेत लिलावात ९१ लाख डॉलर्सहून अधिक किमतीला गेली. ती सापडली कुठे? आईच्या मृत्यूनंतर मुलं घर आवरत असताना माळ्यावर, एका खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली! अशा प्रती इतक्या दुर्मीळ का, तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी आपली कॉमिक्स देशासाठी गठ्ठे बांधून देऊन टाकली. म्हणजे त्या अंकाला मोल आलं ते आमच्या धंद्यामुळे! अप्पांना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "म्हणून सांगतो, गठ्ठा बांधायच्या आधी एकदा चाळावा."

मीही वाचकमित्रांना तेवढंच सांगेन. घरात जुने अंक असतील तर देण्याआधी एकदा चाळा. नवे मिळाले तर लाज न बाळगता वाचा, आणि वाचताना एक पाहा, की या शहरात रोज रात्री काचा फुटतात, गाड्या जळतात, इमारती कोसळतात. सकाळी हे सगळं उचलायला कोण येतं? गोथममध्ये हातगाडी घेऊन निघालेला तो माणूस अजून एकाही चौकटीत मला दिसलेला नाही. त्याला एक मुलगा असणारच. तो काय शिकतो आहे, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

— द्वितीय वर्ष, कला